एआरटी केंद्रातली दर भेटीची टीबी तपासणी : सेवेचं परीक्षण

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसाची टीबीसाठी एकदाच नव्हे, तर आरोग्यकेंद्रात पाऊल टाकील त्या प्रत्येक वेळी चाचपणी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०११ सालापासून त्यासाठी चार प्रश्न ठरलेले आहेत : सध्या खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घाम येतो का. एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं तरी पुढची तपासणी करायची. दिसायला एवढं सोपं, की बहुतेक ठिकाणी ही सेवा कार्डावरच्या चार टिकांपुरती उरते. इथे परीक्षण करायचंय ते पहिल्या भेटीच्या तपासणीचं नाही. ती बऱ्यापैकी चालते. प्रश्न आहे तिसऱ्या, दहाव्या, तिसाव्या भेटीचा.

आधी आकडे, कारण खरी गोम तिथेच आहे. संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांसाठी जमवलेल्या माहितीनुसार, अजून एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या) सुरू न केलेल्या बाह्यरुग्णांमध्ये हे चार प्रश्न शंभर टीबी रुग्णांपैकी ८४ पकडतात. एआरटी घेत असलेल्यांमध्ये हा आकडा ५३वर येतो. उलट बाजूने, टीबी नसलेल्यांना ‘तुम्हाला नाही’ असं बरोबर सांगण्याचं प्रमाण पहिल्या गटात ३७ टक्के, दुसऱ्यात ७० टक्के. आता हेच माणसांत मोजू. समजा, हजार नवे लोक आले आणि त्यांत ५० जणांना टीबी आहे. प्रश्नांतून ४२ सापडतील, ८ निसटतील, आणि टीबी नसलेल्या सुमारे ६०० जणांनाही बेडका द्यायला सांगावं लागेल. म्हणजे एका खऱ्या रुग्णामागे साधारण १५ तपासण्या. पुढे हजार जुने, नियमित गोळ्या घेणारे लोक धरा आणि त्यांत १० जणांना टीबी आहे असं समजा. पाच सापडतील, पाच निसटतील, आणि विनाकारण तपासले जातील सुमारे ३००. इथे एका रुग्णामागे ६० तपासण्या होतात आणि अर्धे रुग्ण तरीही हातातून जातात.

साधन तेच, माणसं वेगळी. एआरटीने प्रतिकारशक्ती सावरलेली असते, आजार हळू वाढतो, लक्षणं बोथट असतात. म्हणून पहिल्या भेटीचा साचा दहाव्या भेटीवर तसाच बसवला तर सेवा निम्मी आंधळी होते. जुन्या रुग्णाच्या बाबतीत उपयोगाची गोष्ट एकच : गेल्या वेळेपेक्षा काय बदललं. पुनर्तपासणी म्हणजे तुलना. ज्या केंद्रात मागची नोंद समोर उघडून प्रश्न विचारले जातात तिथे ही सेवा घेण्यासारखी आहे. जिथे नाही, तिथे ती कागद भरण्यासाठी चाललेली आहे.

प्रश्न विचारण्याची पद्धत

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?’ असं विचारणं. दोन आठवड्यांचा नियम सर्वसामान्य लोकांसाठीचा. एचआयव्ही असलेल्या माणसाला सध्या खोकला असेल, मग तो कालपासूनचा का असेना, उत्तर ‘हो’च. हा एक शब्द चुकला की चार प्रश्नांतला सगळ्यात कामाचा प्रश्न बाद होतो.

दुसरी चूक भाषेची. ‘ताप येतो का?’ म्हटलं की लोक थर्मामीटरचा ताप समजतात आणि नाही म्हणतात. ‘संध्याकाळी कणकण वाटते का, कसर येते का?’ असं विचारलं की उत्तर बदलतं. घामाचंही तेच. उकाड्याच्या दिवसांत कोणाला घाम येत नाही? प्रश्न असा हवा : ‘झोपेतून उठून कपडे किंवा चादर बदलावी लागली का?’ आणि ‘वजन कमी झालंय का?’ हा प्रश्न तर तोंडी विचारूच नये. काटा कशाला ठेवलाय? चपला आणि जड कपडे काढून, दर वेळी त्याच काट्यावर, आणि तो काटा ठरावीक वजनाने अधूनमधून पडताळलेला. वजन मागच्या भेटीशी ताडायचंच, पण त्यासोबत आजवरच्या सर्वांत जास्त वजनाशीही ताडायचं. डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध असलेल्या उपचारावर बऱ्याच जणांचं वजन वाढतं. सुरुवातीला ५० किलो असलेला माणूस ५६वर गेला आणि आता ५३वर आहे, तर पहिल्या दिवसाच्या मानाने तो तीन किलोंनी ‘सुधारलेला’ दिसतो. प्रत्यक्षात तो तीन किलो उतरलाय.

चार प्रश्नांबाहेरची एक गोष्ट विचारणारी केंद्रं आम्हाला जास्त भरवशाची वाटतात : घरात किंवा कामाच्या जागी कोणाला टीबीचा उपचार सुरू झालाय का? मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकृत यादीतच आहे. तिथे रात्रीच्या घामाऐवजी टीबी रुग्णाशी संपर्क आणि वजन घटण्याच्या जोडीने ‘वजन न वाढणं’ विचारतात. मानेला, काखेत गाठी आहेत का, हेही हात लावून पाहायला अर्धं मिनिट लागतं. एचआयव्हीमध्ये फुप्फुसाबाहेरचा टीबी जास्त आढळतो, आणि त्या माणसाला खोकला असेलच असं नाही.

तीन किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय रुग्णाच्या दृष्टीने उत्तमच. मात्र या तपासणीच्या मुळावर येते ती हीच सोय. वर्षातल्या बारा भेटींच्या चार किंवा दोनच होतात. त्यातही गोळ्या न्यायला भाऊ किंवा बायको येते आणि ‘बरे आहेत ते’ या उत्तरावर चार टिका पडतात. अशा वेळी रुग्णाशी फोनवर बोलून प्रश्न विचारावेत, आणि पाकिटासोबत स्पष्ट सांगावं : खोकला, कणकण, घाम किंवा ढिले झालेले कपडे, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. तारखेआधी आलेल्याला खिडकीवरून परत न पाठवणं हाही याच सेवेचा भाग.

रक्ताची चाचणी : सीआरपी

बोटाला टोचून काही मिनिटांत सीआरपी (अंगात संसर्ग किंवा दाह असला की रक्तात वाढणारं एक प्रथिन) मोजता येतो. ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेला की पुढची तपासणी करायची. एआरटी सुरू न केलेल्या नव्या माणसात ही चाचणी खरंच चांगली आहे : चार प्रश्नांइतकेच रुग्ण पकडते आणि निरोगी माणसांना कमी त्रास देते. नियमित गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मात्र ती प्रश्नांहून फारशी वरचढ ठरत नाही, म्हणून दर भेटीला जुन्या रुग्णांचं बोट टोचण्यात आम्हाला फारसा अर्थ दिसत नाही. गर्भारपणात आणि इतर संसर्गांतही सीआरपी चढतो, हे लक्षात ठेवावं. आणखी एक खाचखळगा एककाचा : काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये अहवाल देतात. तिथला ०.८ म्हणजे इथला ८. आकडा लहान दिसला म्हणून ‘नॉर्मल’ लिहिलं की झाली चूक.

छातीचा एक्स-रे

जुन्या रुग्णांत प्रश्नांची जी बाजू लंगडी पडते, ती सावरणारं सध्या हाताशी असलेलं साधन हेच. एआरटीवर असलेल्यांमध्ये चार प्रश्न आणि एक्स-रे दोन्ही केले, आणि कुठल्याही एकात खोट दिसली तरी पुढे पाठवायचं ठरवलं, तर ५३चे सुमारे ८५ टक्के होतात. वरच्या हिशेबात पाच रुग्णांऐवजी आठ-नऊ. मोबदला असा, की विनाकारण पुढे जाणाऱ्यांची संख्या दुपटीहून वाढते. म्हणून दर भेटीला नव्हे, तर काही ठरावीक वेळी : उपचार सुरू करताना, टीबी होऊ नये म्हणूनच्या प्रतिबंधक गोळ्या देण्याआधी सोय असेल तर, खंड पडल्यानंतर परत आल्यावर, व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) चढल्यावर. एक्स-रे नाही म्हणून प्रतिबंधक गोळ्या अडवून ठेवणं मात्र चुकीचं.

सीडी-४ (एचआयव्ही ज्या संरक्षक पेशी घटवतो त्यांची रक्तातली संख्या) खूप खाली असेल तर फिल्म फसवते. वरच्या भागात पोकळी हे पुस्तकी चित्र दिसतच नाही. खालच्या किंवा मधल्या भागात धूसर डाग, छातीच्या मध्यभागातल्या गाठी, फुप्फुसाभोवती पाणी, किंवा बाजरीच्या दाण्यांसारखे बारीक ठिपके दिसतात. कधी फिल्म पूर्ण स्वच्छ असते आणि टीबी असतो. संगणकाने फिल्म वाचण्याची सोय १५ वर्षांवरील लोकांसाठी २०२१मध्ये मान्य झाली. वाचणारा डॉक्टर नसेल तिथे ती उपयोगी, पण तो स्कोअर म्हणजे निदान नव्हे. आधी टीबी होऊन गेलेल्यांत जुन्या व्रणांमुळे स्कोअर उगाच चढतो, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की कुठल्या आकड्यावर माणूस पुढे पाठवायचा हे पुन्हा ठरवावं लागतं. दर वेळी जुनी फिल्म शेजारी ठेवून पाहिली तर निम्मे गोंधळ मिटतात. इथेही पुन्हा तुलनाच.

बेडका आणि मॉलिक्युलर चाचणी

चाचपणीतून पुढे आलेल्याची खरी परीक्षा इथे होते, आणि सेवा सगळ्यात जास्त गळते तीही इथेच. डबी हातात देऊन ‘थुंकून आणा’ म्हटलं की डबीत लाळ येते. सांगायचं ते असं : पाण्याने खळखळून चूळ भरा, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, रोखून धरा, मग छातीच्या तळातून खोका. बेडका दोन ते पाच मिलिलिटर हवा. उघड्यावर, इतरांपासून दूर. संडासात किंवा बंद खोलीत नको. नाव डबीवर लिहायचं, झाकणावर नाही. झाकण काढलं की नाव गेलं! एआरटीवरच्या बऱ्याच लोकांना बेडका पडतच नाही. त्यांना ‘नमुना मिळाला नाही’ एवढंच लिहून सोडणारं केंद्र नापास. क्षारयुक्त पाण्याची वाफ देऊन बेडका काढता येतो, लहान मुलांत शौचाचा नमुना चालतो, गाठ असेल तर सुईने द्रव काढता येतो.

मॉलिक्युलर चाचणी म्हणजे नमुन्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणं; तो शोधणाऱ्या काडतुसाच्या मशीनमध्ये चुकण्यासारखं थोडंच असतं, पण ते नेमकं चुकतं. एका भाग बेडक्यात तो पातळ करणारं द्रावण दोन भाग, जोरात हलवून एकूण १५ मिनिटं ठेवायचं, मधे पुन्हा एकदा हलवायचं, मग २ मिलिलिटर काडतुसात. घट्ट बेडका पूर्ण पातळ झाला नसेल तर मशीन ‘एरर’ दाखवतं आणि काडतूस वाया जातं. काडतुसं २ ते २८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असतात. भर उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ती सुरक्षित आहेत असं समजू नये. ‘इनव्हॅलिड’ किंवा ‘एरर’ म्हणजे निगेटिव्ह नव्हे, हे नोंदवहीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हरकत नाही.

नव्या ‘अल्ट्रा’ काडतुसात ‘ट्रेस’ नावाचा एक निकाल येतो. जंतूंचे अंश सापडले, पण अगदी थोडे, आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतात का ते त्यावरून कळत नाही. एचआयव्ही असलेल्या माणसात ट्रेस म्हणजे पॉझिटिव्ह धरून उपचाराचा विचार करायचा. अडचण येते ती गेल्या काही वर्षांत टीबीचा उपचार पूर्ण केलेल्यांत, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनएही मशीन मोजतं. पुनर्तपासणी करणाऱ्या केंद्रात असे लोक बरेच असणार. तिथे जुना इतिहास, फिल्म आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं) यांच्या आधारे निर्णय घ्यावा. नुसत्या ट्रेसवर पुन्हा सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करू नयेत. द्रव माध्यमातल्या कल्चरला निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस लागू शकतात, तोवर माणसावर नजर ठेवावी लागते.

लघवीची पट्टी

लॅम पट्टी (लघवीत टीबीच्या जंतूचा अंश शोधणारी चाचणी) हा या सगळ्या सेवेतला आमचा आवडता भाग, कारण बेडका न देऊ शकणाऱ्या, खंगलेल्या माणसाला ती त्याच भेटीत उत्तर देते. पट्टीवरचं आवरण सोलायचं, पांढऱ्या पॅडवर ६० मायक्रोलिटर लघवी सोडायची, २५ मिनिटं थांबायचं आणि ३५ मिनिटांच्या आत वाचायचं. साध्या ड्रॉपरने अंदाजे थेंब टाकू नयेत, पिपेटच हवी. कंट्रोलची रेघ आलीच पाहिजे. रुग्णाची रेघ संदर्भ कार्डावरच्या सर्वांत फिक्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच पॉझिटिव्ह. तुटक, अर्धवट रेघ म्हणजे निगेटिव्ह. वाचन नेहमीच्या घरातल्या उजेडात. पिवळ्या मंद दिव्याखाली फिकी रेघ दिसत नाही. चाळीस मिनिटांनी ‘अरे, आता दिसतेय’ असं म्हणून पॉझिटिव्ह लिहिणं ही या चाचणीतली सगळ्यात परिचित चूक. नमुन्यात शौच मिसळलं असेल तर खोटी रेघ येऊ शकते.

ही पट्टी सगळ्यांसाठी नाही. बाह्यरुग्णांत : लक्षणं आहेत किंवा माणूस गंभीर आजारी आहे, अथवा लक्षणं नसली तरी सीडी-४ १००च्या खाली आहे. दाखल रुग्णांत ही मर्यादा २०० आहे. सुधारलेल्या, सीडी-४ ६०० असलेल्या माणसाला ती लावून उपयोग नाही. शिवाय निगेटिव्ह पट्टीने टीबी नाकारता येत नाही. पकडते ती साधारण निम्मे, तेही अधिक आजारी लोकांतले. औषधाला जंतू दाद देतात का, हेही तिला कळत नाही. म्हणून २०२४पासून सूचना अशी, की चाचपणीत सापडलेल्या, गंभीर आजारी किंवा सीडी-४ खूप उतरलेल्या माणसाचा बेडका आणि लघवी दोन्ही एकाच वेळी तपासावेत. एकाचा निकाल येईतो दुसरं अडवून ठेवू नये.

‘जुना’ कोण?

सेवेतली आणखी एक आंधळी जागा. आठ महिने गोळ्या बंद ठेवून परत आलेला माणूस रजिस्टरात ‘जुना’ असतो, शरीराने मात्र नवा. त्याचा सीडी-४ पुन्हा मोजायला हवा, आणि नव्या माणसाला जेवढ्या चाचण्या तेवढ्याच त्यालाही. उलट, एआरटी नुकतीच सुरू केलेल्याचे पहिले तीन महिने सर्वांत जोखमीचे. प्रतिकारशक्ती जागी होते आणि आतापर्यंत दबलेला टीबी अचानक उघडा पडतो : ताप, गाठी सुजणं, खोकला. हा गोळ्यांचा त्रास आहे असं समजून रुग्ण गोळ्या सोडतो, कधी केंद्रातलं माणूसही तसंच सांगून मोकळं होतं. या काळात दर महिन्याला नीट वेळ देऊन विचारणं ही चैन नव्हे.

टीबीची शंका आहे म्हणून एआरटी लांबवायचीही गरज नाही. डोकेदुखी, मान ताठ होणं, भान हरपणं अशी मेंदूच्या आवरणाच्या टीबीची लक्षणं नसतील तर तपास चालू असतानाच एआरटी सुरू करता येते. ती लक्षणं असतील तर थांबायचं आणि तातडीने मोठ्या ठिकाणी पाठवायचं.

निकाल निगेटिव्ह आला, पुढे?

इथे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. खोकला होता, मशीनने ‘नाही’ म्हटलं, फाइल बंद. पण खोकला कशाचा? छातीचा इतर संसर्ग, न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, दमा, काहीही असू शकतं. अँटिबायोटिक देऊन एक-दोन आठवड्यांत पुन्हा पाहायचं ठरवलं तर ते फ्लुरोक्विनोलोन गटातलं नको. त्या औषधांनी टीबी काही काळ दबतो, लक्षणं कमी होतात आणि निदान आणखी महिनाभर पुढे जातं. पुन्हा येण्याची तारीख कार्डावर लिहिलेली हवी. ‘बरं नाही वाटलं तर या’ हे वाक्य पुरेसं नाही.

तपास पूर्ण होऊन टीबी नाही असं ठरलं, की प्रतिबंधक उपचार द्यायचा : रोज आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आठवड्यातून एकदा रायफापेंटिन-आयसोनियाझिडचे बारा डोस, किंवा इतर मान्य पर्याय. रिफाम्पिसिन असलेला पर्याय निवडला तर डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा करावं लागतं. हे विसरलं की टीबी टळतो आणि व्हायरल लोड चढतो. गोळ्यांचा कोर्स संपला म्हणजे दर भेटीचे चार प्रश्न संपले, असा समज रुग्णांत आणि कर्मचाऱ्यांतही दिसतो. तसं नाही. त्या गोळ्यांनी जोखीम घटते, शून्य होत नाही.

केंद्र तपासून पाहायचं असेल तर

रजिस्टर उघडा आणि एकच स्तंभ पाहा. चाचपणी शंभर टक्के आणि ‘हो’ म्हणणारे हजारात तीन-चार, असं दिसलं तर शाबासकी देऊ नका. अभ्यासांत एआरटीवरच्या टीबी नसलेल्या लोकांपैकीही दहातले तीन जण एखाद्या प्रश्नाला ‘हो’ म्हणतात. इतके कमी ‘हो’ म्हणजे प्रश्न विचारलेच गेले नाहीत, पेन तेवढं फिरलं. याउलट ‘हो’ म्हणणारे पुष्कळ आणि बेडका देणारे मोजकेच, तर गळती डबीपाशी आहे. नमुने भरपूर पण निकाल रुग्णापर्यंत पोचायला दोन आठवडे, तर ती वाहतुकीची किंवा कळवण्याची अडचण. प्रत्येक पायरीचा आकडा वेगळा लिहिला नाही तर यातलं काहीच कळणार नाही.

आणि बसायची जागा पाहा. दर भेटीला तपासणी म्हणजे दर भेटीला ताटकळणंही. खोकणारा माणूस रांगेत ओळखून, मास्क देऊन, वेगळ्या हवेशीर जागी आधी पाहिला जात नसेल, खिडक्या बंद असतील, तर ज्या आजारासाठी माणसाला तपासायला बोलावलं तोच आजार त्याला तिथून मिळू शकतो.

पाचपैकी गुण द्यायचे तर : नव्या रुग्णाच्या तपासणीला चार. खूप खंगलेल्याच्या तपासणीला, लघवीची पट्टी हाताशी असेल तर, चार; नसेल तर दोन. वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्या, सुधारलेल्या माणसाच्या पुनर्तपासणीला सध्या अडीचच. मागचं वजन, मागची फिल्म आणि मागची उत्तरं टेबलावर असतील तर साडेतीन.